सोलला शिकायला जाताय? मग सामुलनोरी ऐका

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कोरियाला शिकायला निघालेल्या मुलामुलींचे मला फोन येतात. प्रश्न साधारण ठरलेले असतात. थंडीचे कपडे इथून न्यावेत की तिथे घ्यावेत? छोटा कुकर लागेल का? शाकाहारी माणसाचं कसं होतं? वसतिगृहात फोडणीचा वास चालतो का? माझ्या परीने मी उत्तरं देते आणि फोन ठेवण्याआधी यादीत एक गोष्ट वाढवायला सांगते. पहिल्याच सत्रात, परीक्षांचा रेटा सुरू व्हायच्या आत, पारंपरिक कोरियन तालवाद्यांची एक मैफल ऐकून या.

पलीकडून बहुतेक वेळा "हो हो, बघू" असं उत्तर येतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

परक्या देशातले पहिले दोन-तीन महिने माणसाला लहान करून टाकतात. इथे वर्गात पुढे बसून हात वर करणारी मुलगी तिथे दुकानात साधी पिशवी मागताना अडखळते. आजूबाजूला सगळे हसतात आणि आपल्याला विनोद कळत नाही. अशा दिवसांत, आपल्याला आधीपासून काहीतरी येतं असं वाटायला लावणारी एखादी जागा सापडणं फार मोलाचं असतं. ढोल-ताशा, हलगी, संबळ, लेझीम, भजनातले टाळ-मृदंग यांतलं काहीही कानात घेऊन वाढलेल्या मराठी माणसासाठी ती जागा म्हणजे सामुलनोरीची मैफल. तिथे भाषा न येणाऱ्याचं काही अडत नाही. आणि ताल अंगात असलेल्याला शेजारच्या कितीतरी श्रोत्यांपेक्षा जास्त ऐकू येतं. मी सोलला जाण्याआधी पुण्यात चार वर्षं पथकात ढोल वाजवला होता. त्या चार वर्षांचा उपयोग मला तिथल्या पहिल्या हिवाळ्यात जेवढा झाला, तेवढा माझ्या गुणपत्रिकेचाही झाला नाही.

आधी हे आहे काय, ते सांगते. कोरियातल्या शेतकऱ्यांचं गावोगावी चालत आलेलं वादन म्हणजे नोंगाक. त्यालाच फुंगमुलही म्हणतात. लावणीच्या वेळी, कापणीनंतर, चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला गावातली वादक मंडळी वाजत-नाचत शेतातून आणि घराघरांतून फिरत. विहीर, चूल, अंगण अशा प्रत्येक ठिकाणी थांबून घरासाठी बरकत मागत. याच्या जोडीला नामसादांग नावाचे फिरस्ते फड होते. आपल्याकडच्या तमाशाच्या फडांसारखे ते गावोगाव जात. ढोलवादन, दोरीवरची कसरत, मुखवट्यांची सोंगं, बाहुल्यांचे खेळ असं सगळं त्यांच्याकडे असे. १९७०च्या दशकात माणसं गावं सोडून शहरांत आली, गावांचं आधुनिकीकरण सुरू झालं आणि हे वादन मागे पडू लागलं.

फेब्रुवारी १९७८ मध्ये सोलमधल्या एका तळघरातल्या छोट्या नाट्यगृहात चार तरुण वादकांनी वेगळाच प्रयोग केला. त्यांच्यातला किम दॉक-सू पाच वर्षांचा असल्यापासून नामसादांगच्या फडात वाजवत होता. मोकळ्या मैदानात चालत-नाचत वाजवायचं वादन या चौघांनी रंगमंचावर बसून वाजवलं. वेगवेगळ्या प्रांतांचे ताल एकत्र गुंफले, नाच बाजूला ठेवला आणि सगळं लक्ष आवाजावर आणलं. शिम ऊ-सॉंग या लोककलेच्या अभ्यासकाने त्याला नाव सुचवलं सामुलनोरी. सामुल म्हणजे चार वस्तू, नोरी म्हणजे खेळ. म्हणजे ज्याला तिथे आपण 'प्राचीन कोरियन कला' म्हणून बघायला जातो, तिचं हे रूप पन्नाशीही न गाठलेलं आहे. मूळ मात्र जुनं आहे, आणि त्या मुळाला, म्हणजे नोंगाकला, युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

ते तळघर ज्या काळ्या विटांच्या, वेलींनी झाकलेल्या इमारतीत होतं, ती आजही छांगदॉकगुंग राजवाड्याजवळ उभी आहे. आता तिथे कलासंग्रहालय आहे. राजवाड्याच्या मुख्य दरवाजासमोरच २०१६ मध्ये दोनह्वामुन गुगाकदांग हे पारंपरिक संगीताचं छोटं सभागृह सुरू झालं. एखाद्या सुट्टीच्या दुपारी हा सगळा परिसर पायी फिरून संध्याकाळी तिथल्या कार्यक्रमाला बसता येतं.

काय ऐकायचं

चार वाद्यं आहेत. क्वेंग्वारी ही हातात मावणारी पितळी थाळी. एका हाताने धरायची, दुसऱ्या हातातल्या छोट्या मोगरीने वाजवायची, आणि धरलेल्या हाताची बोटं आतून टेकवत आवाज कापायचा. जिंग ही मोठी, जाड घंटेसारखी थाळी. कापड गुंडाळलेल्या मोगरीने मारली की आवाज लाटेसारखा पसरत जातो. पुक हा लाकडी खोडाचा, कातडी तोंडांचा ढोल. पुस्तकांत तो 'बुक' असा लिहिलेला दिसेल, पण कानाला पुकच ऐकू येतो. आणि जांगू, मधे बारीक आणि दोन्हीकडे फुगीर, डमरूच्या आकाराचा पण मांडीवर न मावणारा. त्याचं डावं तोंड जाड कातड्याचं आणि खर्जातलं, उजवं पातळ आणि टणक. डाव्या हातात गोल डोक्याची मोगरी, उजव्या हातात बांबूची लवचिक छडी. वादक रंगात आला की डाव्या हातातली मोगरी उजव्या तोंडावर उडी मारून परत येते. ते बघण्यासाठी जांगूवाला नीट दिसेल अशा बाजूला बसा.

कोरियात या चौघांची सांगड आभाळाशी घालतात. क्वेंग्वारी म्हणजे गडगडाट, जिंग म्हणजे वारा, जांगू म्हणजे पाऊस, पुक म्हणजे ढग. सुंदर आहे, पण तुम्हाला याहून जवळची वाट उपलब्ध आहे. पथकातला ताशा आठवा. सगळ्यांच्या वर चिरत जाणारा, हात बदलायचा की नाही हे ठरवणारा, ज्याच्याकडे पन्नास ढोलवाल्यांचं लक्ष असतं तो. क्वेंग्वारीचं काम तेच. तिचा वादक, ज्याला सांगस्वे म्हणतात, तो मेळाचा प्रमुख असतो. जिंग म्हणजे आपला टोल. कमी वेळा वाजतो, पण तो चुकला की सगळं कोसळतं. पुक ढोलाचं वजन देतो. आणि जांगूची दोन तोंडं ऐकताना पखवाजाची धुम आणि चाट आठवल्याशिवाय राहत नाही.

या साम्यावर विसंबून मी पहिल्या मैफलीत बसले आणि पाचव्या मिनिटाला माझी मोजणी सुटली. कारण लिहून ठेवते, म्हणजे तुमचं तसं होणार नाही. आपली बोटं भजनी ठेक्याला सरावलेली असतात, चार-चारात चालतात. कोरियन तालांत, ज्यांना जांगदान म्हणतात, बहुतेक ठिकाणी प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन भाग असतात. गुतगॉरी नावाचा मध्य लयीचा ताल घ्या. चार ठोके, प्रत्येकात तीन, मिळून बारा. दादरा अंगात असेल तर चटकन पकडता येतो, नसेल तर सुरुवातीला सतत अर्ध्या पावलाने मागे राहिल्यासारखं वाटतं. त्या दिवशी माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. माझा पाय चुकीच्या जागी पडतो आहे हे त्यांनी पाहिलं, काही न बोलता माझ्या गुडघ्यावर तळहाताने एक जोरात आणि दोन हलके असे थोपटले. चार-पाच आवर्तनांत ताल माझ्या हाती आला. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची.

एकदा तीनचं चालणं कळलं की पुढची गोष्ट ऐका, श्वास. वादक बसल्या जागी वर-खाली होत असतात. बघणाऱ्याला ते डुलणं वाटतं, पण ती लय मोजण्याची पद्धत आहे. ठोका पडण्याआधी श्वास आत, अंग वर; ठोक्याबरोबर श्वास बाहेर, अंग खाली. चौघे एकमेकांकडे न बघता एकत्र पडतात ते या श्वासावर. पथकात आपण मुख्यतः हात आणि खांदे वापरतो. इथे सुरुवात पोटापासून होते. पहिली दहा मिनिटं नुसते वादकांचे खांदे बघा आणि त्यांच्याबरोबर श्वास घ्या. दुसऱ्या कुठल्याही तयारीपेक्षा याचा उपयोग जास्त.

मैफलीचा क्रम ठाऊक असेल तर सोपं जातं. पूर्ण कार्यक्रम असला तर सुरुवातीला बिनारी होते. ते गाऊन केलेलं आशीर्वचन असतं. गाणारा वाजवता वाजवता जमलेल्या सगळ्यांसाठी मागणं मागतो. या वेळी मंचावर पूजेचा पाट मांडलेला असतो. काही ठिकाणी, विशेषतः उघड्यावरच्या कार्यक्रमांत, त्यावर डुकराचं शिजवलेलं मुंडकं ठेवतात आणि लोक त्याच्या तोंडात नोटा खोचतात. घरी कडक शाकाहार असलेल्यांना हे आधी माहीत असावं म्हणून सांगते. तो नैवेद्य आहे, त्याकडे त्याच नजरेने बघा. मग बहुधा सगळे जांगू घेऊन बसतात आणि सॉलजांगू वाजवतात. संथ सुरू होऊन द्रुत लयीत संपणारी ही रचना मला सर्वांत आवडते. चार जांगू एकाच श्वासात कुजबुजण्याइतके हळू येतात, तेव्हा सभागृहात कागद फडफडला तरी ऐकू येतो. त्यानंतर चारही वाद्यांचं एकत्र वादन. त्यात तीन प्रांतांचे ताल असतात. मध्य कोरियातला चिलछे ऐकायला मिळाला तर कान द्या. छत्तीस छोट्या मात्रांचं आवर्तन आणि त्यात जिंगचे सात ठोके. नावातला 'चिल' म्हणजे सातच. पाच आणि सहाचे गट मिसळून ते छत्तीस होतात, त्यामुळे मोजणारा माणूस पहिल्यांदा हमखास हरवतो. जिंग धरून ठेवा, ती परत जागेवर आणते.

शेवटी पानगुत. वादक उठतात, वाद्यं अंगावर बांधतात आणि नाचत वाजवतात. डोक्यावरच्या टोपीला लांब पांढरी कागदी फीत असते, ती मानेच्या आणि गुडघ्यांच्या हिसक्याने हवेत गोल फिरते. हात वाद्यावर, डोकं फितीत, पाय धावत. एक मोठी फीत असते तिचं नाव बारा 'बाल' लांबीवरून पडलं आहे. बाल म्हणजे आपली वाव, दोन्ही हात पसरून होणारं माप. बारा वाव दोर विहिरीत सोडायला लागतो, इथे तेवढी फीत एक माणूस डोक्याने फिरवतो. उघड्यावरचा पानगुत बघत असाल तर रिंगणाच्या अगदी कडेला उभे राहू नका.

आता दाद. मला वाटतं, मराठी श्रोत्याने सर्वांत आधी शिकावी अशी गोष्ट हीच. तिथल्या पाश्चात्य संगीताच्या मैफलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते, आणि नवीन माणसाला वाटतं सगळीकडे तसंच बसायचं. पारंपरिक वादनात तसं नाही. श्रोत्यांनी मधेच हाक देणं हा वादनाचाच भाग मानतात, त्याला छुइमसे म्हणतात. 'ऑल्सू', 'ऑलसीगू' म्हणजे आपलं 'वा!'. 'जोथा' म्हणजे छान. 'जाल्हांदा' म्हणजे काय सुंदर करताय! गाण्याच्या बैठकीत समेवर 'क्या बात है' म्हणणारे आपण; आपल्याला हे शिकवावं लागत नाही. फक्त जागा पाळायची. ठोका भरून झाल्यावर जी पोकळी उरते तिथे हाक पडली पाहिजे, तुकड्याच्या मधोमध नाही. पहिल्या दिवशी आजूबाजूच्या म्हाताऱ्या मंडळींकडे लक्ष ठेवा, ते कुठे हाक देतात ते बघा आणि दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर द्या. एका परदेशी मुलीच्या तोंडून योग्य जागी 'जोथा' ऐकून वादकाने वर पाहून मान हलवली, तो क्षण माझ्या दोन वर्षांच्या मुक्कामातला एक मोठा क्षण आहे.

दरबारी संगीताचा कार्यक्रम असेल तर मात्र गप्प बसा. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सोलच्या जोंगम्यो देवस्थानात राजघराण्याच्या पूर्वजांची पूजा होते. तिचं संगीत अतिशय संथ आणि गंभीर आहे. तिथेही तालवाद्यंच आहेत: घंटांची मोठी रांग, दगडी पट्ट्या, आणि ऑ नावाचा लाकडी वाघ, ज्याच्या पाठीवर सत्तावीस खाचा असतात. वाघाच्या डोक्यावर तीनदा मारून पाठीवरून काठी ओढली की संगीत संपतं. एकदा जरूर बघा, पण सुरुवात तिथून करू नका.

तिकीट, वाट, वेळ

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे सोलच्या दक्षिणेकडचं नॅशनल गुगाक सेंटर. कोरियन युद्धाच्या काळात, १९५१ मध्ये, ही सरकारी संस्था बुसानला सुरू झाली. मेट्रोच्या तीन नंबर मार्गावर नाम्बू टर्मिनल स्थानकावर उतरायचं आणि थोडं चालायचं. नामवॉन, जिंदो आणि बुसान इथेही तिच्या शाखा आहेत, त्यामुळे दक्षिणेत शिकणाऱ्यांनी सोलला धावण्याची गरज नाही. आवारात वाद्यांचं संग्रहालय आहे. मैफलीच्या तासभर आधी जाऊन ते बघून घ्या, म्हणजे मंचावर काय आहे ते ओळखता येतं. इथली तिकिटं व्यावसायिक संगीतिकांच्या मानाने बरीच स्वस्त असतात. विद्यार्थ्यांना सवलत असेल तर दारावर ओळखपत्र मागतात, ते विसरू नका. कोरियन सरकारने २०१४ मध्ये महिन्याचा शेवटचा बुधवार 'संस्कृती दिन' म्हणून ठरवला, त्यानिमित्तच्या सवलतीही विचारून घ्या.

तिकीट काढण्यात नवीन विद्यार्थी एकाच ठिकाणी अडकतो. बऱ्याचशा कोरियन संकेतस्थळांना तुमच्याच नावावरचा कोरियन मोबाइल क्रमांक लागतो आणि तो मिळायला निवासी ओळखपत्र लागतं. देशात आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत त्यासाठी नोंदणी करायची असते. कार्ड हातात यायला आणखी काही आठवडे जाऊ शकतात. मी पहिल्या महिन्यात एका संकेतस्थळावर तीन संध्याकाळी घालवल्या आणि पैसे भरायच्या पायरीवर दर वेळी अडले. शेवटी सभागृहाच्या खिडकीवर गेले आणि दोन मिनिटांत तिकीट मिळालं. म्हणून कार्ड येईपर्यंत परदेशी ग्राहकांसाठी असलेलं इंग्रजी पान वापरा, नाहीतर सरळ खिडकीवर जा, नाहीतर वर्गातल्या कोरियन मैत्रिणीला सांगा. तिसरा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो, कारण बहुतेक वेळा तीही बरोबर येते. सोलमध्ये वाढलेल्या कितीतरी मुलांनी शाळेत जांगू हाताळलेला असतो आणि पुढे कधी मैफल ऐकलेली नसते.

जाण्याआधी हांगुल लिपी शिका. राजा सेजोंगने १४४६ मध्ये लोकांसमोर आणलेली ही लिपी चार-पाच दिवसांत वाचता येते, आणि तिकिटावरची रांग, आसन क्रमांक, दरवाजा वाचायला तेवढं पुरतं. रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. वेळेच्या दहा मिनिटं आधी जागेवर असा. दार बंद झाल्यावर आत सोडत नाहीत, सोडलं तर दोन रचनांच्या मधे आणि मागच्या रांगेत. छायाचित्रं बहुतेक ठिकाणी फक्त शेवटच्या अभिवादनाच्या वेळी काढू देतात. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, तेव्हा शेवटची गाडी बघून ठेवा. आणि कानांत घालायचे बोळे जवळ असू द्या. बंद सभागृहात क्वेंग्वारी किती तीक्ष्ण लागते याची उघड्यावर ढोल-ताशा ऐकणाऱ्याला कल्पना येत नाही. पहिल्या तीन रांगा टाळून मध्यावर बसलात तर चारही आवाज वेगळे ऐकू येतात.

पैसे संपलेल्या महिन्यातही ऐकायला बरंच मिळतं. सॉल्लाल आणि छुसॉक या मोठ्या सणांना राजवाड्यांत आणि संग्रहालयांच्या अंगणांत वादन असतं. सोलच्या दक्षिणेला योंगिनमधल्या लोकग्रामात नोंगाकचे खेळ होतात. आणि ज्यांना गर्दी नको त्यांनी संध्याकाळी एखाद्या मोठ्या बौद्ध मंदिरात जावं. हेइन्सा, तोंगदोसा, सोंगग्वांगसा इथे सांजेच्या उपासनेआधी भिक्षू मोठा ढोल, लाकडी मासा, ढगाच्या आकाराचा धातूचा पत्रा आणि घंटा असं एकामागून एक वाजवतात. 'सामुल', चार वस्तू, हा शब्द मुळात या चौघांसाठी वापरला जाई. डोंगरात अंधार उतरताना दोन भिक्षू आळीपाळीने त्या ढोलावर काठ्या फिरवतात, त्याला तिकीट नसतं, आणि तिथे टाळ्या वाजवायच्या नसतात.

ऐकून झाल्यावर

दोन-तीन मैफली झाल्या की हात शिवशिवतात. मग विद्यापीठातलं फुंगमुल मंडळ शोधा. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत ते असतं. १९७०-८०च्या दशकांत लोकशाहीसाठी लढणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे गावाकडचं वादन आवारात आणलं आणि मोर्चांच्या पुढे वाजवलं. आज मोर्चे नाहीत तिथेही मंडळं टिकून आहेत. नवख्यांना घेतात, परदेशी विद्यार्थ्याला तर आनंदाने घेतात. वर्गात वर्षभर जेवढं कोरियन बोलणार नाही तेवढं तिथे दोन महिन्यांत बोलाल. लक्षात ठेवायचं ते एवढंच की वरच्या वर्षाच्या मुलांना नुसत्या नावाने हाक मारायची नाही. त्यांना सॉनबे म्हणतात, आणि वाद्यं मांडणं, आवरणं ही कामं नव्या मुलांनी आपणहून उचलायची. पथकात ढोल ताणलेल्या, दोऱ्या ओढलेल्या मुलांना हे नवीन नाही.

शिकताना तुमची खरी शिदोरी म्हणजे बोल. जांगूही तोंडाने शिकवतात. दोन्ही तोंडं एकदम वाजली की 'दॉंग', नुसतं डावं 'खुंग', नुसतं उजवं 'दॉक', छडी थरथरवली की 'दॉरॉरॉरॉ'. तबल्याचा धा दोन्ही हातांचा, घे डाव्याचा, ना उजव्याचा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही पद्धत पहिल्याच दिवशी उमजते. मी बोल वहीत देवनागरीत लिहून घेत असे. ते उच्चार आपल्या लिपीत बऱ्यापैकी बसतात आणि रोमन अक्षरांतल्या लिखाणाने होतो तो गोंधळ टळतो. खोलीत सराव करायचा तो मांडीवर आणि तोंडाने. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत वाद्य वाजवू नका. वरच्या मजल्यावरच्या आवाजावरून तिथे शेजाऱ्यांची गंभीर भांडणं होतात. मंडळाची खोली त्यासाठीच असते.

सरावानंतर सगळे खायला-प्यायला जातात, त्याला द्वीपुरी म्हणतात. तिला जा. मक्कॉली ही तांदळाची दारू पुढे येईल. नको असेल तर पहिल्याच वेळी शांतपणे 'पीत नाही' सांगा आणि दोन्ही हातांनी इतरांना ओतून द्या, कोणी वाईट मानत नाही. पाजॉन या कांदापातीच्या धिरड्यात बऱ्याचदा मासळी असते, तेव्हा भाज्यांचं याछेजॉन मागा.

उन्हाळी किंवा हिवाळी सुट्टीत मंडळ गावाकडच्या शिबिराला निघालं तर घरी भारतात येण्याचं तिकीट आठवडाभर पुढे ढकला. इमसिल जिल्ह्यातलं फिल्बोंग हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या नोंगाकला १९८८ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, आणि विद्यापीठांची मुलं सुट्ट्यांत तिथे राहून शिकतात. दिवसभर वाजवून रात्री अंगणात रिंगण धरलं की पथकाच्या सरावाची आठवण येऊन डोळे भरतात.

अजून अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कोरियन सरकारची ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप पदव्युत्तरसाठी साधारण वर्षाच्या सुरुवातीला आणि पदवीसाठी पावसाळा संपताना निघते. शिकवणी शुल्क, विमानभाडं, मासिक वेतन आणि आधीचं भाषाशिक्षण त्यात येतं. पदवी अभ्यासक्रमाला डी-२ आणि नुसत्या भाषावर्गाला डी-४ व्हिसा लागतो. अर्धवेळ काम परवानगीशिवाय सुरू करू नका, मग ते कितीही छोटं असो. आरोग्य विम्याचा हप्ता २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही सक्तीचा आहे, तो खर्चात धरा. पारंपरिक वादनच मुख्य विषय म्हणून शिकायचं असेल तर कोरिया नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट्स आणि सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचा कोरियन संगीत विभाग बघा. भाषेसाठी टोपिक परीक्षेची तयारी इथूनच सुरू करा; कर्ता, कर्म, मग क्रियापद हा क्रम मराठीसारखाच असल्याने वाक्यरचना आपल्याला लवकर जमते.

तिकडे शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. पहिल्या दोन आठवड्यांत आवारात सगळी विद्यार्थी मंडळं टेबलं मांडून बसतात आणि नवी नावं लिहून घेतात. फुंगमुलवाल्यांचं टेबल शोधावं लागत नाही, लांबूनच ऐकू येतं. तिथे जा आणि नाव लिहा.